फुफ्फुसांचे पहारेकरी आणि विडीचा धूर

तंबाखूच्या धुराने कर्करोग होतो, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण कर्करोग व्हायला वर्षे लागतात, म्हणून ओढणारा मनात म्हणतो, "तेव्हाचे तेव्हा बघू." धुराचे दुसरे एक काम मात्र पहिल्या झुरक्यापासूनच सुरू होते. फुफ्फुसांची राखण करणारी यंत्रणाच तो दुबळी करतो. ते कसे, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

आपण दिवसभरात सुमारे १०,००० लिटर हवा आत घेतो. तिच्याबरोबर धूळ आणि जंतूही येतात. मोठे कण नाकातच अडकतात. जे पुढे सरकतात, ते श्वासनलिकेच्या आतल्या चिकट कफाच्या थरात रुततात. या थराखालच्या पेशींवर अतिसूक्ष्म केस असतात. एकेका पेशीवर सुमारे २००. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून हे केस कफ घशाकडे ढकलत राहतात. तो आपण नकळत गिळतो आणि त्यातील बहुतेक जंतू जठरातील आम्लात मरतात. केरवारा करावा तसे हे काम रात्रंदिवस चालू असते.

यातूनही निसटून काही जंतू अगदी आतल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तेथे भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. त्या जंतूला गिळून टाकतात आणि गरज पडली तर रक्तातील इतर पांढऱ्या पेशींना मदतीला बोलावतात.

आता धुराकडे वळू. त्यातील अ‍ॅक्रोलिन, हायड्रोजन सायनाइड यांसारख्या विषारी द्रव्यांनी ते सूक्ष्म केस मंदावतात. वर्षानुवर्षे ओढल्यास ते आखूड होतात, काही ठिकाणी नाहीसेही होतात. उलट कफ तयार करणाऱ्या पेशी मात्र वाढतात. म्हणजे केर वाढला आणि झाडणारे कमी झाले! साचलेला कफ जंतूंना आयताच सापडतो. ओढणाऱ्याला सकाळी उठल्याबरोबर खोकल्याची उबळ येते ती यामुळेच. केसांनी करायचे काम छातीला जोर लावून करावे लागते.

भक्षक पेशींची गोष्ट आणखी विचित्र आहे. ओढणाऱ्याच्या फुफ्फुसात त्या कमी नसतात, उलट कितीतरी पटींनी जास्त असतात. पण धुरातील काजळीसारखे कण गिळून त्या तपकिरी झालेल्या असतात आणि जंतू गिळण्याची त्यांची ताकद घटलेली असते. मदतीला आलेल्या पांढऱ्या पेशींतून जी पाचक द्रव्ये सुटतात, ती वायुकोशांच्या नाजूक भिंतीच विरघळवू लागतात. पुढे दम लागण्याचा आजार जडतो, त्याचे हे एक मोठे कारण.

याचा परिणाम आकड्यांतही दिसतो. न्यूमोनियाचा एक प्रमुख जंतू रक्तात शिरून होणाऱ्या गंभीर आजाराविषयी अमेरिकेतील एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. १८ ते ६४ वयाच्या, एरवी प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या माणसांत सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका सुमारे चौपट आढळला. स्वतः न ओढता दुसऱ्याचा धूर घेणाऱ्यांनाही तो अडीच पट होता. तमिळनाडूत सुमारे ४३,००० पुरुषांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ओढणाऱ्यांमध्ये क्षयाने मृत्यूचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट निघाले.

पालकांनी यातील दुसऱ्याच्या धुराची गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. घरात धूर असला की लहान मुलांना न्यूमोनिया, छातीत कफ आणि कान फुटणे हे त्रास अधिक होतात. मूल वरचेवर आजारी पडते, शाळा बुडते, आणि दोष हवापाण्याला दिला जातो.

सोडणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. विडी सुटल्यावर ते केस पुन्हा कामाला लागतात आणि साचलेला कफ बाहेर पडू लागतो. त्यामुळे सुरुवातीला काही जणांचा खोकला वाढतो. "विडी सोडली आणि खोकला लागला," असे म्हणून पुष्कळजण पुन्हा विडी पेटवतात. तो खोकला बहुधा सुधारणेची खूण असतो. मात्र रक्त पडले, ताप आला किंवा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर डॉक्टरांना दाखवून थुंकी तपासून घ्यावी.

आपल्या सीमाभागात हा विषय बोलणे सोपे नाही, याची आम्हाला जाणीव आहे. निपाणी भागात तंबाखूवर कित्येक घरांच्या चुली पेटल्या, विड्या वळून आयाबायांनी मुले शिकवली. त्या कष्टांना आम्ही नावे ठेवत नाही. पण त्याच घरांतील मुलांची फुफ्फुसे जपणे हेही आपलेच काम आहे.

२००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास बंदी घातली, आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकण्यासही. विश्वस्तांनी फाटकाबाहेरच्या टपऱ्यांकडे एकदा या नजरेने पाहावे. पालकांनी मुलांना विडी-काडी आणायला पाठवू नये. आणि ज्यांना सोडायची इच्छा आहे, त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मदतीचा फोन क्रमांक मोफत आहे. विद्यार्थी मित्रांनो, हा क्रमांक वहीत लिहून घ्या आणि घरी नक्की दाखवा.