हातभर लांबीचे फुरसे: दुआही, दवाही

नागपूरकरांना विषारी साप म्हटले की नाग, घोणस आणि मण्यार आठवतात. फुरशाचे नाव बहुधा कोकणातल्या पाहुण्यांकडूनच ऐकायला मिळते. रत्नागिरी जिल्ह्यात हा साप इतका होता की, इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकात तो मारणाऱ्यांना बक्षीस ठेवले आणि लाखो फुरशी मारली गेली. तरी फुरसे काही संपले नाही. विदर्भातल्या मुरमाड, झुडपी माळरानावरही ते थोड्याफार प्रमाणात आढळते.

मुळात हा कोरड्या मुलखाचा साप. ओमान, इराणपासून थरच्या वाळवंटापर्यंत त्याची वस्ती आहे. उर्दूत त्याला 'अफई' म्हणतात. लांबी जेमतेम हात-दीड हात, रंग मातकट, डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी खूण. दिवसा ते दगडाखाली पडून राहते आणि रात्री विंचू, गोम, पाली, बेडूक, उंदीर खायला बाहेर पडते. बहुतेक सापांसारखी ते अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. डिवचले की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते. कुशीवरचे खवले करवतीसारखे असल्यामुळे तव्यावर पाणी पडावे तसा चर्र आवाज येतो. हा त्याचा इशारा समजावा आणि मागे सरावे.

साप लहान, जखमही लहान, म्हणून माणूस फसतो. फुरशाचे विष रक्त गोठवणारे घटकच संपवून टाकते. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते. कधी हे काही तासांनी सुरू होते आणि उपचार न झाल्यास कित्येक दिवस चालते. सुरुवातीला रुग्ण बोलतो, चालतो. घरचे समजतात, दम केल्याने उतार पडला. तोच वेळ हातचा जातो.

अल्लाहच्या कलामावर आपला विश्वास आहेच. पण उपचार करा, अशी शिकवणही प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनीच दिली आहे. दुआ जरूर करा. रुग्णालयाच्या वाटेवर करा.

दंश झालेला हात किंवा पाय हलू देऊ नका. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा. जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. साप पकडण्यात वेळ घालवू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही मोठी सरकारी रुग्णालये आहेत. गावाकडे असाल तर जवळचे सरकारी रुग्णालय गाठा. तेथे थोडे रक्त काचेच्या नळीत २० मिनिटे ठेवून ते गोठते का, हे पाहतात. घोड्यांच्या रक्तापासून बनवलेली प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर चालते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या लसीशी जुने जोडलेले आहे.

आणि याच विषाने औषधही दिले आहे. फुरशाच्या विषातील एका प्रथिनाच्या अभ्यासातून हृदयविकारात वापरले जाणारे 'टिरोफिबान' तयार झाले. अल्लाहच्या निर्मितीत व्यर्थ काहीच नाही.

झोपण्यापूर्वी अंथरूण झटकून घ्यावे, आपल्यामागे त्यावर काय आले हे माणसाला ठाऊक नसते, असे हदीसमध्ये सांगितले आहे. जमिनीवर झोपणाऱ्या घरांनी ही सुन्नत आवर्जून पाळावी. फज्रला अंधारात बाहेर पडताना चप्पल झटकावी, हाती बॅटरी घ्यावी. सरपणात आणि दगडांच्या ढिगात पाहिल्याशिवाय हात घालू नये. मुलांनाही हे आजच सांगा.