दलालाचा नोंदणी क्रमांक काय सांगतो?

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 या कायद्यातील कलम 9 नुसार, नोंदणी बंधनकारक असलेल्या गृहप्रकल्पातील सदनिका विकून देणाऱ्या दलालाला स्वतःचीही नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात ती महारेरा, म्हणजे या कायद्याखाली स्थापन झालेले राज्याचे नियामक प्राधिकरण, करते आणि तिचा क्रमांक इंग्रजी 'ए' या अक्षराने सुरू होतो, तर प्रकल्पाचा 'पी'ने. नोंदणीवाचून व्यवसाय केल्यास दिवसाला 10,000 रुपये दंड असून तो सदनिकेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. 2023 मध्ये महारेराने दलालांना प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची केली.

मात्र या क्रमांकावरून दलालाची ओळख पटते, तो कोणाच्या बाजूचा आहे हे कळत नाही. नव्या प्रकल्पात दलाली, म्हणजे किमतीच्या टक्केवारीने मिळणारा मोबदला, बहुधा विकासकच देतो; भाव चढा तितका मोबदला अधिक असल्याने ग्राहकासाठी घासाघीस करण्यात दलालाचे हित नसते, आणि ही त्रुटी कोणतीही परीक्षा दूर करू शकत नाही. जुन्या घराच्या पुनर्विक्रीला तर हा कायदा बहुतांशी लागूच होत नाही. तेथे सूची क्रमांक 2 (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा देणारा उतारा), सोसायटीची थकबाकी आणि घरावरील कर्जाचा बोजा खरेदीदाराने स्वतः तपासावा. नव्या घरासाठी विक्रीकरार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारण्यास कलम 13 विकासकाला मनाई करते; दलालाने कितीही घाई केली तरी ती देऊ नये.