पंचवीस वचनांतील युक्तिवाद

नव्या करारातील पौलाच्या पत्रांमध्ये फिलेमोनाला लिहिलेले पत्र सर्वांत छोटे आहे. पहिल्या शतकात, बंदिवासात असताना पौलाने ते ग्रीक भाषेत लिहिले. विषय एकच: मालक फिलेमोनापासून दुरावलेल्या अनेसिम या दासाचा पुन्हा स्वीकार.

● नमस्कार (१-३): पौल स्वतःला प्रेषित न म्हणवता ‘बंदिवान’ म्हणवतो. पत्र फिलेमोनासोबत त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही उद्देशून आहे. त्यामुळे निर्णय घरगुती असला, तरी त्याला साक्षीदार आहेत.

● उपकारस्तुती (४-७): फिलेमोनाच्या प्रेमाची मनापासून प्रशंसा. ऐकणाऱ्याचे मन आधी अनुकूल करावे, हा ग्रीक-रोमन वक्तृत्वाचा नियम येथे दिसतो.

● विनंती (८-१६): आज्ञा करण्याचा अधिकार असूनही पौल प्रेमाखातर विनवतो. अनेसिमाचे नाव दहाव्या वचनात येते, तेही ‘माझे लेकरू’ या ओळखीसह. मुख्य मागणी सोळाव्या वचनात: त्याला दासापेक्षा अधिक, प्रिय बंधू मानावे.

● हमी व समारोप (१७-२५): नुकसान भरून देण्याची हमी पौल स्वहस्ते लिहितो आणि फिलेमोनावरील ऋणाचीही आठवण देतो. मुक्कामाची सोय करायला सांगून तो स्वतः येण्याची आशाही कळवतो.

अनेसिमाला मुक्त करा, असे पौल स्पष्ट शब्दांत कुठेही लिहीत नाही. म्हणूनच १९व्या शतकातील अमेरिकेत गुलामगिरीच्या समर्थकांनी आणि विरोधकांनीही याच पत्राचा आधार घेतला.