आडवी ज्योत

पाइप ओढणाऱ्याची अडचण छोटी आहे, पण हट्टी आहे. सिगारेटचे टोक ज्योतीवर आणून धरता येते. पाइपच्या वाटीतला तंबाखू मात्र आभाळाकडे तोंड करून बसलेला असतो आणि ज्योत तर नेहमी वर जाते. विस्तव खाली न्यायचा असतो आणि तो खाली जायला तयार नसतो. काडी तिरकी धरली की आग बोटांकडे सरकते. साधा लायटर कलता केला की ज्योत अंगठ्यावर येते आणि चाक तापून हाताळण्याजोगे राहत नाही. शिवाय पाइप एकदा पेटवून भागत नाही. पहिल्या आचेने वरचा थर करपून फुगतो, तो दाबून सपाट करायचा, मग दुसऱ्यांदा सगळीकडून सारखा पेटवायचा आणि मध्येच विझला तर पुन्हा पहिल्यापासून. हे सगळे करताना पाइपच्या लाकडी कडेला डाग पडता कामा नये. एवढ्याशा अडचणीवर विसाव्या शतकातल्या कारखान्यांनी जी उत्तरे शोधली, ती आज जुन्या पाइप लायटरांच्या रूपाने संग्राहकांकडे आहेत. ही यंत्रे कपाटात ठेवून टिकत नाहीत, पेटती ठेवली तरच टिकतात, असे माझे मत आहे. ते जुन्याच्या हौसेतून आलेले नाही. लायटरच्या आत काय काय असते आणि पडून राहिल्यावर त्याचे काय होते, हे पाहिले की दुसरा निष्कर्ष काढणे अवघड जाते.

उत्तरे किती वेगवेगळी आहेत, हे आधी पाहायला हवे. ऑस्ट्रियातल्या इम्को कंपनीच्या 1937 च्या ट्रिप्लेक्स लायटरची आतली टाकी वातीसकट बाहेर ओढता येते. पेटलेली टाकी हातात मेणबत्तीसारखी धरून पाहिजे तिथे न्यायची. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावी जॉर्ज ब्लेसडेल यांनी 1932 मध्ये सुरू केलेल्या झिप्पोने वेगळी वाट धरली. त्यांच्या पाइपसाठीच्या गाभ्यात, म्हणजे खोक्यात बसणाऱ्या आतल्या भागात, वातीभोवतीच्या पत्र्याच्या चिमणीला आरपार मोठे गोल भोक आहे. लायटर वाटीवर आडवा धरून झुरका घेतला की ज्योत त्या भोकातून खाली ओढली जाते. इथे यंत्राने काम अर्ध्यावर सोडले आहे, उरलेले काम ओढणाऱ्याच्या श्वासाचे. लंडनच्या डनहिलने 1920 च्या दशकात बाजारात आणलेला युनिक एका हाताने पेटवता येत असे. वाइज आणि ग्रीनवुड या दोघांनी त्याचा पहिला नमुना मोहरीच्या पत्र्याच्या डब्यात बसवून तयार केला होता. त्याच घडणीची आठवण करून देणारा जपानी कोरोना कंपनीचा ओल्ड बॉय ब्युटेन वायूवर चालतो, ज्योत बाजूला तिरकी फेकतो आणि तंबाखू दाबायची दांडीही अंगातच बाळगतो. चांगला पाइप लायटर घ्यायचा असेल तर बहुतेक जण आज त्याचेच नाव घेतात आणि त्यात वावगे काही नाही.

पण बुद्धीची झेप पाहायची असेल तर न्यूयॉर्कच्या बीटी जेटकडे वळावे. 1940 च्या दशकातला हा लायटर दिसायला सामान्य आहे. टाकीत कापूस, कापसात पेट्रोलचाच हलका भाऊबंद असलेला नॅफ्था, वर वात आणि चाक. सरळ धरला तर सिगारेटचा लायटर. वेगळेपण आहे ते वातीच्या वर वाकून आलेल्या बारीक धातूच्या नळीत. लायटर कलता केला की वातीची ज्योत या नळीला चाटू लागते. नळीत टाकीतून आलेले इंधन असते. ते काही क्षणांत तापते, त्याची वाफ होते आणि नळीच्या टोकाच्या सूक्ष्म छिद्रातून बाहेर पडता पडता त्याच ज्योतीवर पेटते. मग आडव्या, टोकदार, निळसर ज्योतीची धार सरळ पाइपच्या वाटीत उतरते. मराठी घरात ज्यांनी प्रायमस पेटवला आहे त्यांना हे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. तापलेल्या नळीत द्रवाची वाफ, वाफेचा जोर आणि छिद्राशी आग, हेच तिथेही असते. फरक एवढाच की स्टोव्हला पंप मारून दाब द्यावा लागतो आणि बीटीमध्ये तो दाब केवळ उष्णतेतून निर्माण होतो. म्हणजे ज्योतीने स्वतःच्याच आचेवर दुसरी ज्योत जन्माला घालायची आणि तिला गुरुत्वाकर्षणाच्या नव्हे तर दाबाच्या नियमाने चालवायचे. उष्ण हवा वर जाते हा निसर्गनियम बीटीच्या कर्त्यांनी मोडला नाही. त्याच्यापेक्षा जोरकस दुसरा नियम तिथे आणून बसवला. इंजिनिअरिंगमध्ये याहून सुंदर गोष्ट थोडीच असते. स्टोव्हचा रोगही मात्र सोबत आलाच. छिद्रात काजळी धरते आणि बारीक तारेने ती मोकळी करावी लागते. पिन मारणे हा प्रकार मॅनहॅटनमध्येही चुकला नाही.

या सगळ्या लायटरांना एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे खडा. नाजूकपणाचा उगमही तोच आहे. चकमकीच्या गारगोटीशी त्याचा काही संबंध नाही. कार्ल आऊअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने 1903 मध्ये पेटंट घेतलेला तो मिश्रधातू आहे, साधारण सत्तर टक्के सेरियम आणि त्याच्या सोबतीची दुर्मीळ मूलद्रव्ये, तीस टक्के लोखंड. पोलादी दातेरी चाकाने त्याचा कीस निघतो आणि तो कीस दीडदोनशे अंशांच्या आतच हवेत आपोआप पेट घेतो. हेच आऊअर गॅसबत्तीच्या मँटलचेही जनक. मँटलला थोरियम लागे आणि ते मोनाझाइट वाळूतून काढताना सेरियमवर्गीय द्रव्यांचा मोठा ढीग निरुपयोगी म्हणून उरे. त्या ढिगातून खडा जन्मला. ही वाळू आपल्या देशातही आहे. 1909 मध्ये शॉमबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरच्या मनवलकुरिची किनाऱ्यावर मोनाझाइट सापडले. युरोपात गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूवरून त्याला हा सुगावा लागला, असे सांगितले जाते. स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी उभी राहिली. तिचे मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे आणि मँटलसाठी लागणारे थोरियम नायट्रेट पुढे ट्रॉम्बेला तयार होऊ लागले. वरातीत डोक्यावर मिरवलेल्या गॅसबत्त्यांचा उजेड आणि लंडनच्या क्लबातल्या लायटरची ठिणगी या एकाच वाळूच्या दोन वाटा आहेत.

माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा या खड्यातच आहे. सेरियम ओलाव्याशी सतत रासायनिक क्रिया करत असते. दमट हवेत पडून राहिलेला खडा हळूहळू ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइडमध्ये बदलतो. बदलताना तो फुगतो आणि शेवटी राखाडी भुकटीचा घट्ट दट्ट्या होऊन खड्याच्या नळीत अडकतो. नळी जेमतेम अडीच मिलिमीटर व्यासाची आणि बहुधा पितळेची. खालून दाब देणारी स्प्रिंगही त्या भुकटीत गंजून बसते. रोज वापरल्या जाणाऱ्या लायटरमध्ये हे होत नाही, कारण फुगायला वेळ मिळण्याआधीच खडा झिजून संपतो आणि नवा येतो. होते ते शेवटचा खडा आत ठेवून कोणीतरी जपून कपाटात ठेवलेल्या लायटरचे. म्हणूनच लिलावात सर्वांत जास्त किंमत मिळवणारा, डब्यातला, कधीच न पेटवलेला लायटर अनेकदा आतून सर्वांत वाईट अवस्थेत असतो. ब्युटेनच्या लायटरांत दुसरे तसेच दुखणे आहे. तिथे वायू अडवणाऱ्या रबरी रिंगा वर्षानुवर्षे हलल्याच नाहीत तर त्या कडक होतात, आक्रसतात आणि पहिल्यांदा वायू भरला की सांध्यांतून फुसफुस सुरू होते. वापरात असलेल्या लायटरची गळती लगेच कळते आणि रिंग बदलली जाते. कपाटातल्याची गळती कळायला वारसदार यावा लागतो.

यावर संग्राहकांचा आक्षेप रास्त आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. वापराने चाकाचे दात बोथट होतात, बिजागरी सैल पडते, कोपऱ्यांवरचा चांदीचा मुलामा जाऊन पितळ दिसू लागते. हरवलेला मुलामा नवा चढवला तर तो मूळचा राहत नाही. खडा काढून, टाकी रिकामी करून, कोरड्या जागी ठेवला तर न वापरता लायटर टिकेल, असेही ते म्हणतात आणि ते बरोबर आहे. माझे उत्तर असे की झीज दोन प्रकारची असते. बिजागरीची खीळ नवी बसवता येते, वात आणि स्प्रिंग बदलता येतात. खड्याची नळी मात्र बहुतेक लायटरांत अंगाचाच भाग असते आणि ती खराब झाली तर लायटर संपला. वापर ज्याला झिजवतो ते बरेचसे भरून येते, पडून राहणे ज्याला मारते ते भरून येत नाही. शिवाय खडा काढून ठेवावा हे ज्ञान कोणाकडे असते? जो लायटर पेटवतो, खडा बदलतो, त्याच्याकडे. मूळपणाचा आग्रहही सगळीकडे सारखा लागू पडत नाही. झिप्पोचा पाइपसाठीचा गाभा कोणत्याही सामान्य झिप्पोच्या खोक्यात बसतो, त्यामुळे जुन्या खोक्यात नवा गाभा घातलेले नमुने बाजारात भरपूर आहेत. आणि ती कंपनी आरंभापासून फुकट दुरुस्तीची हमी देत आली असली, तरी दुरुस्ती म्हणजे अनेकदा आख्खा गाभाच बदलून देणे. रोज वापरणाऱ्याला ते वरदान आहे, युद्धकाळातला काळा खरखरीत झिप्पो सांभाळणाऱ्याला ती भीती आहे. दोघांचेही बरोबर आहे, कारण ते एकाच वस्तूकडून वेगवेगळ्या गोष्टी मागत आहेत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तंबाखू माणसे मारतो, पाइपचाही. तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कर्करोग त्यातून होतो आणि ज्या देशात तोंडाच्या कर्करोगाने घरेच्या घरे उद्ध्वस्त होतात तिथे हे नुसते नमूद करून पुढे जाणे योग्य नाही. पाइपच्या समर्थनासाठी मी एक ओळही लिहिणार नाही. पण लायटर पेटता ठेवायला तंबाखू लागत नाही. ज्या खोल जागी हात पोचत नाही तिथे आडवी ज्योत उपयोगी पडते. खोल पणतीची वात, कंदिलाची वात, ताटलीतला कापूर यांना ती काडीपेक्षा सोयीची आहे. आठवड्यातून एकदा चाक फिरले, वर्षातून एकदा खडा बदलला, तरी यंत्राला तेवढे पुरते.

खरी अडचण आहे ती दुरुस्ती करणाऱ्याची. अडकलेला खडा काढायला चुटकीसरशी उपाय नाही. आम्लाने खडा विरघळतो, पण पितळही खाल्ले जाते. यंत्राचे ड्रिल लावले तर ते मऊ पितळात वाट चुकते आणि नळीची भिंत फाडते. काम होते ते बोटांनी फिरवायच्या छोट्या पकडीत नळीपेक्षा किंचित बारीक पाते बसवून, थोडे फिरवून, भुकटी झटकून, पुन्हा फिरवून. टोकाशी चाकाचे दात असतात. पाते त्यांना लागले तर ठिणगी कायमची गेली, म्हणून शेवटचे दोन मिलिमीटर चाक काढून ठेवूनच करावे लागतात आणि अनेक लायटरांत ते चाक रिव्हेटने ठोकलेले असते. हा हात घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा आहे आणि तो हात आपल्या शहरांतून झपाट्याने कमी होतो आहे. कारणही लायटरच्याच इतिहासात आहे. वायूवर चालणारा लायटर लोकप्रिय करण्यात फ्रान्सच्या फ्लामिनेर कंपनीचा मोठा वाटा होता. बिकने ती 1971 मध्ये विकत घेतली आणि 1973 मध्ये वापरून फेकायचा लायटर काढला. दुरुस्ती ही गोष्ट त्या दिवसापासून धंद्याच्या हिशेबातून गळली. भारतात 2023 मध्ये वीस रुपयांखालच्या लायटरांच्या आयातीवर बंदी आली. तिच्यामागे देशी उत्पादनाला संरक्षण देण्याचा हेतू होता, दुरुस्तीशी तिचा संबंध नव्हता.

सुट्या भागांचे दुखणे याहून किचकट आहे. रबरी रिंग म्हणजे काही रुपयांची वस्तू, पण जुन्या डनहिल किंवा कोलिब्री लायटरला लागणारी रिंग कितीची हे कुठे लिहिलेले नसते. जुनी रिंग इतकी आक्रसलेली असते की तिच्यावरून माप घेता येत नाही, खाच मोजून अंदाज बांधावा लागतो. रबराची जातही महत्त्वाची. चुकीचे रबर ब्युटेनमध्ये फुगते किंवा ठिसूळ होते, नायट्रिल टिकते. खडेसुद्धा एका मापाचे नाहीत. काही जपानी लायटरांना आखूड खडा लागतो आणि तिथे लांब खडा कोंबला तर स्प्रिंग पुरती दबून मरते. ब्युटेन साधा आणि अशुद्ध असेल तर त्यातला तेलकट अंश सूक्ष्म छिद्रात साठतो आणि ज्योत महिनाभरात खुरटते. शिवाय विमानातून लायटर नेण्यावर निर्बंध आहेत आणि भरलेला डाकेने पाठवता येत नाही, त्यामुळे दूरच्या कारागिराकडे पाठवायचा तर टाकी, वात, कापूस सगळे कोरडे करून पाठवावे लागते. तरीही तो परत येईल का, याची खात्री नसते.

यातली बरीच अडचण आज, थोडक्या श्रमात, कमी करता येईल. ज्याच्याकडे जुना पाइप लायटर आहे त्याने आधी त्यातला खडा काढावा. नवा खडा घालायचा तो पेटवायचा असेल तेव्हाच. लायटर उघडला गेलाच तर रिंगेच्या खाचेचा व्यास आणि खोली, खड्याची जाडी आणि लांबी, स्क्रूचे आटे मोजून एका चिठ्ठीवर लिहावेत आणि ती चिठ्ठी डब्यात लायटरच्या शेजारी ठेवावी. कंपनीचे नाव, साल, किंमत हे सगळे कुठे ना कुठे सापडते. खाच 1.4 मिलिमीटर खोल होती की 1.6, हे फक्त ज्याने ती उघडली त्यालाच ठाऊक असते.