शेंगदाण्याची ॲलर्जी : पर्यायी खाऊ आणि माहितीची उणीव

चेन्नईतील त्यागराय नगर, म्हणजेच टी. नगर, ही देशातील अत्यंत गजबजलेल्या बाजारपेठांपैकी एक आहे. जस्टिस पक्षाचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव धारण करणारी ही वसाहत १९२० च्या दशकात आखली गेली. आज उस्मान रोड, रंगनाथन स्ट्रीट व पाँडी बाजार या भागांत कापड आणि दागिन्यांच्या पेढ्यांबरोबरच मिठाई व फरसाणाची दुकानेही आहेत. चकलीसारखे मुरुक्कू, कडक पुरीसारखी तट्टै आणि मिक्स्चर हे पदार्थ पाकिटबंद मिळतात, तसेच सुटे, वजनावरही विकले जातात. शेंगदाण्याची वा सुक्यामेव्याची ॲलर्जी असलेल्या ग्राहकासाठी ही सुटी विक्री हाच कळीचा प्रश्न ठरतो.

ॲलर्जीचे स्वरूप

शेंगदाणा हा वनस्पतिशास्त्रानुसार शेंगवर्गीय आहे. काजू, बदाम, पिस्ता, अक्रोड ही वृक्षांची फळे होत. ॲलर्जी यांपैकी एकाची किंवा अनेकांची असू शकते. त्यांतील विशिष्ट प्रथिनांना शरीराची प्रतिकारयंत्रणा शत्रू समजते. भाजल्याने वा तळल्याने धोका टळेल असे मानता येत नाही, आणि काही व्यक्तींना अत्यल्प अंशही पुरतो. घसा सुजणे, श्वास कोंडणे, रक्तदाब घसरणे अशी तीव्र प्रतिक्रिया उद्भवल्यास ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हा प्रथमोपचार असून रुग्णास तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

पर्याय कोणते?

पर्यायांची वाण नाही. चुरमुरे, साळीच्या व ज्वारीच्या लाह्या, मखाणे, भोपळ्याच्या बिया, फुटाणे व चिवड्यातील डाळे हे पदार्थ कुरकुरीतपणाची गरज भागवितात. डाळी व बियांतून प्रथिनेही मिळतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना इतर कडधान्ये चालतात. तथापि हरभऱ्याचीही ॲलर्जी असू शकते. म्हणून वैद्यकीय सल्ल्याशिवाय बदल करू नये. तिळाबाबत विशेष दक्षता हवी. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख लेबलवर बंधनकारक झाला. भारताच्या २०२० च्या ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत मात्र तीळ नव्हता.

टी. नगरमध्ये परप्रांतीय ग्राहकापुढे भाषेचीही अडचण उभी राहते. तमिळमध्ये ‘निलक्कडलै’ किंवा ‘वेर्क्कडलै’ म्हणजे शेंगदाणा, ‘कोंडैक्कडलै’ म्हणजे हरभरा आणि ‘पोट्टुक्कडलै’ म्हणजे डाळे. ‘कडलै मावु’ हे बेसन, तर ‘कडलै मिट्टाय’ ही शेंगदाण्याची चिक्की. धोकादायक पदार्थ व त्याचा पर्याय या दोहोंच्या नावात एकच शब्द येतो. मराठी घरांतून दाण्याचे कूट जसे खिचडीत, कोशिंबिरीत सहज मिसळते, तसेच येथे तट्टैमध्ये शेंगदाणा आणि पोंगलमध्ये काजू येतो.

घटक निर्दोष असले तरी धोका संपत नाही. एकाच कढईत तळणे, एकाच डावाने काढणे, एकाच तराजूत तोलणे यांतून शेंगदाण्याचे अंश इतर पदार्थांत जातात. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलातही प्रथिनांचे अंश राहू शकतात.

माहितीची असमानता

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विक्रेत्याला ठाऊक असलेली माहिती ग्राहकाला नसल्यास बाजार नीट चालत नाही. या विषयावरील कार्यासाठी त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ चे नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. सुट्या खाऊचा बाजार हे त्याचेच उदाहरण होय. कढईत काय तळले हे विक्रेत्याला ठाऊक असते. ग्राहकाला ते खाऊनच कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो. परिणामी ग्राहक एकतर संपूर्ण पदार्थवर्गच टाळतो किंवा महाग पाकिटबंद मालाकडे वळतो. सुरक्षिततेचा खर्च अशा रीतीने रुग्णाच्या कुटुंबावर पडतो.

कायद्याची व्याप्ती

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या २०२० च्या लेबलविषयक विनियमांनी पाकिटबंद अन्नावर शेंगदाणा, सुकामेवा, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, सोयाबीन, ग्लुटेनयुक्त धान्ये व ठरावीक प्रमाणाहून अधिक सल्फाइट यांचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक केला. मोठ्या साखळी उपाहारगृहांवरही ॲलर्जीविषयक माहिती देण्याची जबाबदारी आली. सुट्या मिठाईबाबत १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानांत ‘कधीपर्यंत खाणे योग्य’ हा दिनांक दर्शविण्याचे बंधन घालण्यात आले. त्यात ॲलर्जीकारक घटकांचा समावेश नव्हता. युरोपीय संघात मात्र डिसेंबर २०१४ पासून सुट्या अन्नाबाबतही चौदा घटकांची माहिती देणे आवश्यक आहे.

सुट्या पदार्थाच्या परातीपुढे दिनांकाची पाटी लावता येते, तर तिच्यावर ‘शेंगदाणा आहे’ अशी एक ओळ स्थानिक भाषेत लिहिण्याचा खर्च नगण्य आहे. शेंगदाणाविरहित पदार्थांसाठी वेगळी कढई व वेगळा डाव ठेवणे त्याहून खर्चिक, पण तेही अशक्य नाही. तोपर्यंत पाकिटावरील घटक प्रत्येक खरेदीत वाचणे, सुटा माल टाळणे आणि घरी तयार केलेला खाऊ जवळ बाळगणे हाच ग्राहकापुढील व्यवहार्य मार्ग आहे.