संगणक-विद्येची कोणती शाखा घ्यावी?

गेल्या ज्येष्ठांत, रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर, आमच्या माजघरांत एक सभा भरली. आमची नात बारावी उत्तीर्ण झाली होती, एमएससीआयटीची परीक्षाही तिनें दिली होती, आणि पुढील प्रमाणपत्रासाठीं संगणकाची कोणती शाखा घ्यावयाची हें आठ दिवसांत ठरवून तालुक्याच्या गांवच्या केंद्रांत कळवावयाचें होतें. एकत्र कुटुंबांत असा प्रश्न एकट्या मुलीचा राहत नाहीं. फी सामाईक खर्चांतून जावयाची, सकाळच्या गाडीसाठीं डबा कोणीतरी पहांटे उठून करावयाचा, आणि निवड चुकली तर गेलेलें वर्षही सर्वांच्याच हिशेबीं पडावयाचें.

आम्ही राहतों तें अंकुशनगर म्हणजे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत, महाकाळ्याजवळ, समर्थ सहकारी साखर कारखान्याभोंवतीं वसलेली वस्ती. कर्मवीर अंकुशराव टोपे यांचें नांव तिला दिलेलें आहे. गळीत हंगाम चालू असला म्हणजे येथें उसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि शाळा, लग्न, नोकरी या सर्वांचा विचार भोंग्याच्या तालावर होतो. त्यामुळें आमच्या धाकट्या बंधूंनीं पहिलें मत दिलें तें ठरल्यासारखेंच होतें : “टॅली घ्यावी. जेथें कारखाना तेथें जमाखर्च, आणि जेथें जमाखर्च तेथें टॅली.” पुण्यास संगणकाच्या कंपनींत असलेल्या पुतण्यानें दूरध्वनीवरून प्रोग्रामिंगचा आग्रह धरला. वहिनींचें म्हणणें, डीटीपी बरें. लग्नपत्रिका, निमंत्रणें घरबसल्या करतां येतात. आम्हीही प्रोग्रामिंगच्याच बाजूचे. त्याचें कारण थोडें लाजेचें आहे, तें पुढें सांगूं.

नातीनें मात्र विचारल्यावर एवढेंच सांगितलें, “मला हार्डवेअर-नेटवर्किंग घ्यावयाचें आहे, आजोबा.” म्हणजे यंत्रें उघडणें, तारा ओढणें, चार यंत्रांचें एक जाळें बांधणें. घटकाभर कोणी बोललें नाहीं. मग वहिनी म्हणाल्या, “पोरीच्या जातीनें शिडीवर चढून भिंतींना भोंकें पाडावयाचीं काय?”

आपल्या जुन्या ग्रंथकारांचा एक परिपाठ आमच्या कांहीं वाचकांना ठाऊक असेल. शास्त्राच्या आरंभींच ते चार गोष्टी सांगून टाकीत : विषय कोणता, प्रयोजन काय, ग्रंथाशीं संबंध काय, आणि अधिकारी कोण. आमच्या सभेंत विषयाची चर्चा झाली, प्रयोजनाची, म्हणजे पगाराची, तर फारच झाली. अधिकारी कोण, म्हणजे हें शिकणाऱ्या मुलीचा पिंड कसा आहे, हें एकानेंही विचारलें नव्हतें. आणि न विचारणाऱ्यांत सर्वांत मोठे अपराधी आम्ही, कारण हीच चूक आम्हीं एकदां पूर्वीं केलेली आहे.

सन 1998 ची गोष्ट. आमचे चिरंजीव तेव्हां नुकतेच बारावी झाले होते. त्या काळीं ‘सन 2000 चा प्रश्न’ म्हणून जगभर मोठी धांदल उडाली होती. जुन्या संगणकांत जागा वांचविण्यासाठीं वर्षाचे शेवटचे दोनच आंकडे लिहीत असत. 2000 साल उजाडतांच तीं दोन शून्यें पाहून यंत्र 1900 साल समजेल आणि बँका, विमे, वेतनें यांचे हिशेब बिघडतील, ही भीति. हे जुने हिशेब पुष्कळसे कोबोल नांवाच्या भाषेंत लिहिलेले. ती भाषा 1959 सालीं आंखावयास घेतलेली. ती येणाऱ्यांना परदेशांतून मागणी आली. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा भाचा अमेरिकेस गेला. झालें! आम्हीं भविष्य-निर्वाह निधींतून रक्कम काढून चिरंजीवांना शहरांतील एका खासगी वर्गांत कोबोलसाठीं घातलें. त्या वर्गाचें नांव घेण्यांत आतां अर्थ नाहीं. वर्ष पुरें होण्यापूर्वींच त्यानें दारें बंद केलीं. दुसऱ्या गांवीं जाऊन मुलानें अभ्यास संपविला, तोंवर 1 जानेवारी 2000 हा दिवस येऊन गेला होता, आणि यंत्रें फारशी कुरकुर न करितां चालूंच राहिलीं होतीं. ज्या घाईसाठीं एवढा खटाटोप केला ती घाईच संपली.

मुलाचा ओढा पहिल्यापासून विजेकडे होता. लहानपणीं तो रेडिओ उघडून बसे आणि आम्ही त्याला रागें भरत असूं. अखेर चोविसाव्या वर्षीं तो औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत वीजतंत्रीच्या वर्गांत, आपल्याहून सात वर्षांनीं लहान मुलांच्या शेजारीं, जाऊन बसला. आज तो कारखान्याच्या विद्युत-विभागांत आहे. गेलेल्या वर्षांविषयीं त्यानें आम्हांस कधीं एक शब्द ऐकविला नाहीं. त्या रात्रींच्या सभेंतही तो कोपऱ्यांत गप्प बसला होता. सभा उठतां उठतां मात्र म्हणाला, “बाबा, एकदां ती काय करते तें तिच्याजवळ बसून पाहा, मग ठरवा.” आम्हांस त्या रात्रीं झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही नातीबरोबर केंद्रांत गेलों. तेथील शिक्षक सज्जन. एके काळीं आमचा विद्यार्थी. “प्रत्येक शाखेच्या वर्गांत हिला दोन-दोन दिवस बसूं द्या,” अशी विनंति केली, ती त्यांनीं मान्य केली. आम्ही मागच्या बांकावर. संगणकाशीं आमचा परिचय अगदींच नाहीं असें नाहीं. महाराष्ट्र ज्ञान महामंडळानें 2001 च्या सुमारास ती एमएससीआयटी सुरू केली, आणि पुढें सरकारी सेवकांनीं संगणक-परीक्षा मुदतींत उत्तीर्ण न केल्यास वेतनवाढ अडूं लागली, तेव्हां आम्हींही सत्तेचाळिसाव्या वर्षीं माऊस हातीं धरला होता.

टॅलीच्या वर्गांत नातीनें नोंदी बिनचूक केल्या, पण दुपारपर्यंत तिला जांभया येऊं लागल्या. येथें आमचें एक निरीक्षण सांगून ठेवतों. टॅली शिकणें म्हणजे जमाखर्च शिकणें नव्हे. बंगळुरास 1986 सालीं निघालेलें हें साधन उत्तम आहे, व 1 जुलै 2017 पासून वस्तु-सेवा-कर आल्यावर लहान दुकानदारालाही तें हवेंसें झालें. पण ज्याला नांवें कोठें आणि जमा कोठें हेंच उमगलेलें नाहीं, त्याला नुसत्या कळा दाबावयास येतात. ज्या मुलाचा वाणिज्याचा पाया आहे व वहींतील एका रुपयाची चूक सांपडेपर्यंत ज्याला अन्न गोड लागत नाहीं, त्यानें टॅली अवश्य घ्यावी. डीटीपीविषयीं थोडक्यांत : ज्याच्या डोळ्यांना अक्षराचें वळण कळतें त्यानेंच तिकडे जावें, आणि जुन्या खासगी फाँटांपेक्षां युनिकोडवर भर द्यावा. आमच्या शाळेचा एक स्मरणिका-अंक जुन्या फाँटांत होता, तो आज उघडला तर पडद्यावर किडे-मुंग्या दिसतात. कारकुनी पत्करणाऱ्यानें मिनिटास मराठी तीस व इंग्रजी चाळीस शब्दांची टंकलेखन-परीक्षाही विसरूं नये.

आतां प्रोग्रामिंग, आणि आमची लाज. पाणिनीनें सुमारें चार हजार सूत्रांत संस्कृत भाषा बांधली, आणि संगणक-भाषांचे नियम लिहिण्याच्या एका पद्धतीला पाणिनीचेंही नांव जोडावें अशी सूचना 1967 सालीं इंगरमन नांवाच्या एका परदेशी संगणकज्ञानें केली, हें आम्हीं वाचलें होतें. तेव्हांपासून आमच्या मनांत बसलें कीं, संस्कृताच्या घरांतील मूल प्रोग्रामिंगच करणार! नातीनें पायथन भाषेंत व्याजाचा हिशेब करणारा एक लहानसा प्रोग्राम लिहिला, तो चाललाही. पण तिच्या तोंडावर आनंद दिसला नाहीं. हल्लीं असले लहान प्रोग्राम कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें क्षणांत लिहून देतात. तें लिहिलेलें बरोबर कीं चूक हें पारखणाऱ्याचें काम संपलेलें नाहीं, मात्र त्या पारखीला आवड लागते. आजोबांच्या अभिमानावर ती पोसत नाहीं.

सातव्या दिवशीं नेटवर्किंगच्या वर्गांत गेलों. त्या दिवशीं केंद्राच्या एका कोपऱ्यांतील यंत्र जाळ्याला धड जोडलें जाईना. घटकेंत लागे, घटकेंत तुटे. तार नवी होती. तपासणीच्या डबीवर आठही दिवे क्रमानें लागत होते, म्हणून शिक्षक यंत्रालाच दोष देत होते. नातीनें प्लग डोळ्याजवळ धरून पाहिला आणि म्हणाली, “सर, हिरवी जोडी फुटली आहे.”

हें काय गौडबंगाल, तें वाचकांस सांगितलें पाहिजे. या केबलींत आठ बारीक तारा असतात, त्यांच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी वेणीसारखी पिळलेली. पीळ शोभेसाठीं नसतो. बाहेरील विजेचा उपद्रव दोन्ही तारांना सारखाच होतो आणि दुसऱ्या टोकाला परस्परांत वजा होऊन जातो. ही युक्ति टेलिफोनकर्त्या बेलसाहेबांची, 1881 सालची. प्लगमध्यें रंगांचा नेहमींचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा. म्हणजे हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी बसते. नवख्या माणसाला हें विचित्र वाटून तो हिरव्याशेजारीं हिरवा लावतो. दोन्ही टोकांना सारखीच चूक केली तर दिवे बरोबर लागतात, पण तिसऱ्या व सहाव्या जागेवर एका जोडीच्या तारा न येतां दोन निरनिराळ्या जोड्यांच्या येतात, पिळाचा उपयोग जातो, आणि निरोप एकमेकांत मिसळतात. मुलीनें हें पुस्तकांत वाचलें होतें. पिळाचें कारण तिला बापानें समजावलें होतें. अर्ध्या तासांत तिनें दोन्ही टोकें कापून नवीं बसविलीं. त्या अर्ध्या तासांत तिचा चेहरा आम्हीं पाहिला. 1989 सालीं उघड्या रेडिओपुढें बसलेल्या एका आठ वर्षांच्या मुलाचा तो चेहरा होता, आणि तेव्हां आम्हीं त्याच्या हातांतून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला होता.

संध्याकाळीं पुन्हां सभा भरली. या वेळीं चिरंजीव बोलले. तांब्याची अशी तार शंभर मीटरांपर्यंतच भरंवशाची. साखर-कारखान्याचा वजनकाटा एका टोकाला, शेतकी कचेरी दुसऱ्या टोकाला, तेव्हां मधें प्रकाशतंतु लागतो. ग्रामपंचायतींपर्यंत तो नेण्याची योजना केंद्र सरकारनें 2011 सालीं मंजूर केली व 2015 पासून ती भारतनेट म्हणून ओळखली जाते. तारा पुरल्या म्हणजे त्या तुटणार, आणि दुरुस्तीला माणूस लागणार. धाकटे बंधु पैशाचा माणूस. त्यांना हें पटलें. वहिनींच्या शिडीला उत्तर देणें आमच्याकडे आलें. आम्हीं सांगितलें कीं, 1946 सालीं अमेरिकेंत एनिआक नांवाचा खोलीभर संगणक जगापुढें आला, त्याला कामाला लावणाऱ्या सहा बायका होत्या, आणि त्यांचें प्रोग्रामिंग म्हणजे हातांनीं केबली काढून दुसरीकडे खोंवणें, हेंच होतें. वहिनी म्हणाल्या, “त्या काय नेसून चढत होत्या?” तेव्हां आमची सौभाग्यवती प्रथमच बोलली : “पंजाबी घालील. विहिरीवरचा पंप बिघडला तेव्हां तिथें कोण उतरलें होतें, विसरलांत काय?” त्यावर सभा संपली.

आषाढांत नातीचा वर्ग सुरू झाला. तारा प्लगमध्यें दाबून बसविण्याचा चिमटा चिरंजीवांनीं जालन्याहून आणून दिला. पहिल्या दिवशीं आठ प्लग फुकट गेले, नववा लागला. नऊही प्लगांची किंमत धाकट्या बंधूंनीं सामाईक वहींत लिहून ठेविली आहे.