जड नळी, स्थिर नेम

२६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकड्यांवर गोळीबार सुरू झाला आणि तो रात्रभर धडधडत राहिला. आप्पासाहेब भोसल्यांच्या पदरच्या अरब शिपायांनी दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी टेकडी काबीजही केली. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या घोडदळाने चढाई केली आणि पारडे फिरले. त्या काळच्या आपल्याकडच्या पायदळाचे नेहमीचे हत्यार म्हणजे लांब, जड नळीची तोड्याची बंदूक. तोंडातून दारू आणि गोळी घालायची, गजाने ठासायची आणि मग बार काढायचा. एवढी जड बंदूक हातात स्थिर कशी राहत असेल?

आधी ती जड का, ते पाहू. घडीव लोखंड तापवून, ठोकून, सांधून नळी घडवत. स्फोटाचा सगळ्यात जास्त दाब बुडाशी येतो, म्हणून तिथे लोखंड जाड लागे. शिवाय नळी लांब असली की वायू गोळीला अधिक अंतरापर्यंत रेटत नेतात.

हे वजन नेमाच्या कामी येते. चाप ओढला की जळता तोडा, म्हणजे पेटती वात, रंजकावर, म्हणजे बाहेरच्या चिमूटभर दारूवर टेकतो, रंजक भडकते, ज्वाळा कान्यातून, म्हणजे नळीच्या बुडाच्या छिद्रातून आत शिरते आणि मग मुख्य दारू पेटते. यात क्षणभर उशीर होतो आणि तेवढा वेळ नळी हलता कामा नये. १२० सेंटिमीटर लांब नळीचे तोंड बुडाच्या मानाने एक मिलिमीटर जरी सरकले, तरी १०० मीटरवर गोळी आठ सेंटिमीटर चुकते. हाताचा कंप एवढा सहज असतो.

इथे जडत्व मदतीला येते. वस्तुमान आधारापासून दुप्पट दूर असेल, तर ते वळवायला होणारा विरोध चौपट होतो. डोंबारीण दोरीवरून चालताना लांब काठी आडवी धरते, ती याच कारणाने. नळीचे लांबवर पसरलेले वजन हाताचा बारीक कंप तोंडापर्यंत पोहोचू देत नाही.

पण याला मर्यादा आहे. पाच किलोच्या बंदुकीचा गुरुत्वमध्य डाव्या हाताच्या १५ सेंटिमीटर पुढे पडला, तर तोंड खाली ओढले जाते, दंड भरून येतो आणि थकलेला हात अधिकच थरथरतो. बंदूक एका बोटावर आडवी तोलून गुरुत्वमध्य शोधावा आणि डावा हात त्याच्या जवळ, किंचित पुढे ठेवावा. असे केले की वजन हातावर उतरते आणि दस्ता खांद्याशी नुसता टेकून राहतो. बुडाशी जाड आणि तोंडाकडे निमुळती नळी हा मध्य आपोआप मागे आणते. भिंतीचा आधार मिळाला तर उत्तमच.

बार होताना बसणारा धक्काही हेच वजन सौम्य करते. २० ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटली, तर दारूच्या वायूंचा वाटा सोडून, पाच किलोची बंदूक १.६ मीटर वेगाने मागे येते आणि तीन किलोची जवळपास २.७ मीटर वेगाने.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, १८६३ पासून जुन्या वस्तू जपल्या जात आहेत. अशा संग्रहांतील प्रत्येक बंदुकीच्या लांबी-वजनाशेजारी तिचा तोलबिंदूही नोंदवला जावा. घडवणाऱ्या लोहाराचे कसब त्या एका आकड्यात दिसते.